शिक्षा भोगून झाली, मग पुढे?



प्रायश्चित्तकाळात धर्मगुरूने जुगाऱ्यावरच्या चित्रपटाविषयी लिहावे हे आपल्यापैकी काहींना रुचणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. तरीही लिहीत आहोत. पापाची शिक्षा आणि पापाची क्षमा या दोन गोष्टींत आपला नेहमी घोटाळा होतो. तो घोटाळा प्रवचनांपेक्षा या चित्रपटाने अधिक स्वच्छ दाखवला आहे, असे आमचे मत आहे. चित्रपटाचे नाव ‘द कार्ड काउंटर’, म्हणजे पत्ते मोजणारा. तो २०२१ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात प्रथम दाखवला गेला. मुलांना घेऊन पाहण्यासारखा हा चित्रपट नाही. त्यातली तुरुंगाची दृश्ये मोठ्यांनाही सहन होणे कठीण आहे. पुढे आम्ही शेवटही सांगणार आहोत. ज्यांना आधी चित्रपट पाहायचा असेल, त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावे.

दिग्दर्शक पॉल श्रेडर हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या गावचे. कट्टर कॅल्विनपंथी घराण्यात वाढलेले. त्या घरात सिनेमा हे पाप होते, त्यामुळे पहिला चित्रपट त्यांनी पाहिला तेव्हा ते बालवय ओलांडून गेलेले होते. पुढे त्यांनीच १९७६ सालच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’ची पटकथा लिहिली. त्याचे दिग्दर्शन केले न्यूयॉर्कच्या कॅथलिक वस्तीत वाढलेल्या मार्टिन स्कोर्सेसी यांनी, ज्यांनी लहानपणी काही काळ सेमिनरीतही काढला होता. एक धर्मगुरू होता होता राहिलेला आणि दुसरा सिनेमाच्या मनाईत वाढलेला, अशी ही जोडी. श्रेडर यांची गोष्ट जवळजवळ दर वेळी तीच असते. एक एकटा माणूस, एक खोली, एक वही आणि मनावर दगडासारखे बसलेले काहीतरी. २०१७ च्या ‘फर्स्ट रिफॉर्म्ड’मध्ये तो माणूस पाळक होता. इथे तो जुगारी आहे.

त्याचे नाव विल्यम टेल. ऑस्कर आयझॅक या नटाने ही भूमिका फार संयमाने केली आहे. टेल गावोगावच्या कॅसिनोंत पत्ते खेळून पोट भरतो. तो मोठा डाव कधी लावत नाही. थोडे जिंकतो आणि कुणाच्या डोळ्यांवर येण्याआधी उठतो. कॅसिनोच्या झगमगीत हॉटेलात न उतरता तो रस्त्याकडेच्या स्वस्त मोटेलमध्ये राहतो. खोलीत शिरला की आधी भिंतीवरची चित्रे उतरवतो, मग बॅगेतून पांढऱ्या चादरी काढून पलंग, टेबल, खुर्ची, दिवा सारे गुंडाळून दोरीने बांधतो. खोली शवागारासारखी दिसू लागते. तिथे बसून तो मद्याचा पेला शेजारी ठेवून वही लिहितो.

हा माणूस असा का झाला, ते हळूहळू कळते. तो सैनिक होता. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात कैद्यांची चौकशी करणाऱ्यांत तो होता. चौकशी म्हणजे छळ. त्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा दिली आणि त्याने साडेआठ वर्षे लष्करी तुरुंगात काढली. पत्ते मोजायला तो तिथेच शिकला.

टेल काल्पनिक आहे, पण अबू गरीब खरे आहे. बगदादजवळच्या त्या तुरुंगातली छायाचित्रे एप्रिल २००४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि जग हादरले. नग्न कैद्यांचे ढीग, गळ्यात पट्टा, डोक्यावर पोती, आणि शेजारी उभे राहून हसणारे तरुण शिपाई. खालच्या हुद्द्यावरच्या अकरा सैनिकांना शिक्षा झाल्या. ज्यांच्या सांगण्यावरून किंवा डोळेझाक करण्यामुळे हे घडले, त्यांतले बहुतेक सुटले. वीस वर्षांनंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेतल्या ज्यूरीने चौकशीची माणसे पुरवणाऱ्या एका खाजगी कंपनीला तीन इराकी माणसांना चार कोटी वीस लाख डॉलर भरपाई देण्यास सांगितले. छळाबद्दल ख्रिस्तसभेची भूमिका पूर्वीपासून स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात, सत्ताविसाव्या परिच्छेदात, शरीराचा आणि मनाचा छळ माणुसकीला काळिमा फासणाऱ्या गोष्टींत गणला आहे. त्याने छळणाऱ्याचेच अधिक अधःपतन होते, असेही तिथे म्हटले आहे. टेलकडे पाहिले की त्या वाक्याचा अर्थ कळतो.

आता पत्ते मोजणे म्हणजे काय, ते थोडे सांगतो. (आम्हांला हे चित्रपटातूनच कळले, असे समजून घ्यावे.) ब्लॅकजॅक या खेळात पत्ते एकामागून एक निघत जातात आणि निघालेला पत्ता लगेच परत येत नाही. दुर्रीपासून छक्क्यापर्यंतचे हलके पत्ते निघून गेले, तर मागे एक्के, दश्श्या आणि चित्रे जास्त उरतात आणि ते खेळणाऱ्याच्या फायद्याचे असते. म्हणून मोजणारा हलका पत्ता दिसला की मनात एक मिळवतो, भारी दिसला की एक वजा करतो. फाशांच्या खेळात मागच्या डावाचा पुढच्या डावाशी संबंध नसतो. इथे मात्र जे झाले, त्यावर पुढचे ठरते.

टेलच्या मनाचेही तेच आहे. तो सतत मोजतो. किती केले, किती भोगले, किती उरले? तुरुंगातून सुटका झाली तरी हिशेब जुळत नाही, म्हणून चादरी गुंडाळलेल्या खोलीत त्याने स्वतःचा एक तुरुंग उभारला आहे. एकशे तिसाव्या स्तोत्राचा कर्ता परमेश्वराला म्हणतो की तू अधर्मांची मोजदाद ठेवलीस, तर तुझ्यापुढे उभे कोण राहील? टेलने ती मोजदाद देवाकडून काढून स्वतःच्या हाती घेतली आहे. आणि माणूस स्वतःचा हिशेब लिहायला बसला की देवापेक्षा फार कठोर होतो, किंवा फार सवलत देतो. मधला मार्ग त्याला सापडत नाही.

त्याच्या त्या पांढऱ्या खोलीला काही समीक्षक मठाची कोठडी म्हणतात. उपमा अर्धीच बरोबर आहे. मठात घंटा असते, सामुदायिक प्रार्थना असते, चूक झाली तर कान धरणारा मठाधिपती असतो, आणि जेवायला शेजारी कंटाळवाणा का होईना पण एक भाऊ असतो. टेलच्या मठात तो एकटाच. आरोपी तोच, न्यायाधीशही तोच आणि जेलरही तोच.

हॅना आरेंट या जर्मनीत जन्मलेल्या ज्यू विदुषी. नाझींच्या भीतीने १९३३ साली त्यांना देश सोडावा लागला. त्याआधी त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय घेतला होता संत ऑगस्टीनच्या प्रेमविचाराचा. पुढे १९५८ साली ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात त्यांनी लिहिले की मानवी व्यवहारात क्षमेचे स्थान शोधून काढले ते नाझरेथकर येशूने. हे त्यांनी श्रद्धेपोटी लिहिलेले नाही. त्या ख्रिस्ती नव्हत्या, आणि या शोधाचा अर्थ धर्माबाहेरही लागू पडतो असे त्या आवर्जून सांगतात. त्यांचा मुद्दा असा की केलेले कृत्य परत घेता येत नाही. त्याच्या साखळीतून माणसाला सोडवू शकते ती क्षमा, आणि ती कुणालाही स्वतःची स्वतःला देता येत नाही. एकांतात दिलेली क्षमा नाटकातल्या भूमिकेसारखी राहते. आरेंट यांचे गुरू कार्ल यास्पर्स यांनीही १९४६ मध्ये, जर्मनी राखेत पडलेला असताना, अपराधाचे चार प्रकार सांगितले होते. त्यांतला एकच न्यायालयाच्या हातात असतो. बाकीच्यांसाठी साडेआठ काय, ऐंशी वर्षे तुरुंगात काढली तरी निकाल लागत नाही.

हे तत्त्वज्ञान जड वाटत असेल तर मत्तयच्या शुभवर्तमानाचा सत्ताविसावा अध्याय उघडावा. यहूदाला पश्चात्ताप झाला, हे आपण विसरतो. तो तीस नाणी घेऊन मुख्य याजकांकडे परत गेला. निर्दोष रक्ताचा घात केला हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले. म्हणजे पश्चात्ताप झाला, कबुली झाली, पैसेही परत केले. आणि समोरच्या धर्माधिकाऱ्यांनी काय केले? आम्हांला त्याचे काय, तुझे तू पाहा, असे सांगून त्याला परत पाठवले. आम्ही धर्मगुरू मंडळींनी हा उतारा वर्षातून एकदा तरी गुडघ्यांवर वाचावा असा आहे. यहूदा तिथून निघाला तो एकटाच निघाला. पेत्रानेही त्याच रात्री गुरूला तीनदा नाकारले होते. तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला, पण रविवारी पहाटे मग्दालिया मरीयेला तो सापडला तो इतर शिष्यांच्या सोबतीत. त्याने तोंड लपवले नाही, आणि इतरांनीही त्याला हाकलले नाही. दोघांत फरक पडला तो इथे.

टेलला एक संधी मिळते. किर्क नावाचा तरुण त्याला भेटतो. त्याचा बापही अबू गरीबला होता. परत आल्यावर व्यसनी झाला, बायकोला आणि मुलाला मारू लागला आणि शेवटी त्याने स्वतःचा जीव घेतला. बायको केव्हाच घर सोडून गेली होती. या साऱ्यांना छळ शिकवणारा अधिकारी गॉर्डो मात्र मोकळा आहे, व्याख्याने देत फिरतो आहे. किर्कला त्याला पकडून, छळून मारायचे आहे. टेल ठरवतो की या पोराला वाचवायचे. त्याला गाडीत घालून बरोबर हिंडवायचे, त्याचे कर्ज फेडायचे आणि त्याला आईकडे परत पाठवायचे. त्यासाठी तो ला लिंडा या बाईच्या मदतीने प्रथमच मोठ्या स्पर्धा खेळू लागतो. ही बाई खेळाडूंना पैसा मिळवून देण्याचा व्यवसाय करते. हसरी आहे, मोकळी आहे. एका रात्री दिव्यांनी सजवलेल्या बागेत ती त्याला फिरायला नेते. चादरीत गुंडाळलेला माणूस प्रथमच रंग पाहतो.

आणि मग आमच्या मते चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग येतो. टेल किर्कला खोलीत बोलावतो आणि त्याला असा काही धाक घालतो की पोरगा थरथरू लागतो. अबू गरीबमध्ये शिकलेली सगळी विद्या तो वापरतो. मग समोर पैशांची बॅग ठेवतो. हे घे, कर्ज फेड, आईकडे जा. हेतू चांगला, पैसा खरा, तळमळही खरी. पण हत्यार तेच जुने. किर्क मान हलवतो, निघतो, आणि आईकडे न जाता थेट गॉर्डोच्या घरी जातो. तिथे गॉर्डो त्याला गोळी घालून ठार करतो.

हा प्रसंग अमेरिकेचा आहे, पण तो पाहताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्याकडचे काही बाप आले. दहा वर्षे दारूत घालवली, मग देवकृपेने सुटली. आता गेलेली दहा वर्षे भरून काढायची घाई आहे, म्हणून मुलगा उशिरा आला की पट्टा काढायचा. किंवा पंधरा वर्षे आखातात काढली, पोराचे बालपण पाहिले नाही, म्हणून आता त्याला मागेल ती मोटारसायकल द्यायची आणि ऐकले नाही तर तीच किल्ली हिसकावून घ्यायची. पश्चात्ताप खरा असतो, यात शंका नाही. पण धाक आणि पैसा यांशिवाय तिसरे काही हातात नसते. पोराला हवा असतो समोर बसून ‘माझे चुकले’ म्हणणारा बाप. टेलही किर्कपुढे सर्व काही बोलतो, फक्त त्याच्यापाशी बसून रडत नाही.

बातमी कळताच टेल पोकरचा शेवटचा डाव अर्धा सोडून गॉर्डोच्या घरी जातो. दोघे आतल्या खोलीत जातात आणि कॅमेरा बाहेरच थांबतो. आपल्याला फक्त आवाज ऐकू येतात. पहाटे टेल रक्तबंबाळ बाहेर येतो आणि स्वतःच पोलिसांना फोन करतो. कुणी याला न्याय म्हणेल. आम्हांला तो पराभव वाटला. अबू गरीब आता त्या घरातही पोहोचले होते.

चित्रपटाविषयी आमची एक तक्रार आहे आणि ती लहान नाही. ज्यांना छळले ते इराकी कैदी इथे फक्त दुःस्वप्नात दिसतात, किंकाळ्या मारणारी शरीरे म्हणून. त्यांना नाव नाही, घर नाही, आई नाही. टेल स्वतःला वर्षानुवर्षे शिक्षा करतो, पण ज्याच्यावर अन्याय केला त्यातला एखादा जिवंत असेल, त्याचा शोध घ्यावा, हे त्याच्या मनात आलेले दिसत नाही. स्वतःच्या अपराधात बुडून जाणे हाही स्वतःचाच विचार करण्याचा एक प्रकार होऊ शकतो.

जक्कयची गोष्ट पाहा. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात हा जकातदार झाडावरून उतरतो. प्रभू त्याच्या घरी जातो, आणि तो उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत करतो. ज्याला फसवले त्यालाच परत करायचे, हे त्याला नेमके कळले होते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद १४५९ हेच सांगतो. पापनिवेदनात पाप पुसले जाते, पण पापाने झालेली सगळी मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करावे, बदनामी केली असेल तर त्या माणसाचे नाव पुन्हा स्वच्छ करावे, इजा केली असेल तर भरपाई द्यावी.

आता थोडे परखड लिहितो. सातबारावरून भावाचे किंवा बहिणीचे नाव गोड बोलून, सही घेऊन काढून टाकलेले असते. मनाला टोचणी असतेच. मग सणाला मोठी देणगी येते, ग्रोटोला संगमरवर येतो, फलकावर नाव येते. देणगी आम्ही नाकारतो असे नाही. पण ती बहीण त्याच मिस्सेला मागच्या बाकावर बसलेली असते आणि तो फलक तिलाही वाचता येतो. ज्याचे घेतले त्याच्या उंबरठ्यावर जाण्यापेक्षा पेटीत पाकीट टाकणे सोपे जाते, इतकेच.

शेवटी टेल पुन्हा तुरुंगात आहे. तसाच पोशाख, तीच शिस्त. पण एक दिवस भेटीला कुणी आल्याचे सांगतात. ला लिंडा आली आहे. मध्ये जाड काच. ती काचेवर बोट टेकवते, तो पलीकडून आपले बोट त्याच जागी टेकवतो. चित्र तिथेच थांबते आणि श्रेयनामावली सरकू लागली तरी ती बोटे हलत नाहीत. हा शेवट श्रेडर यांनी फ्रेंच कॅथलिक दिग्दर्शक रॉबर्ट ब्रेसाँ यांच्या १९५९ सालच्या ‘पिकपॉकेट’वरून घेतला आहे. तिथे तुरुंगाच्या गजांआड एका पाकीटमाराला एका मुलीचे प्रेम गवसते. १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’त आणि १९९२ च्या ‘लाइट स्लीपर’मध्येही श्रेडर यांनी तोच शेवट वापरला. एकाच गोष्टीकडे चाळीस वर्षे परत परत येणाऱ्या माणसाला ती गोष्ट अजून पुरती मिळालेली नसावी, असा आमचा तर्क आहे.

टेलचे चित्रपटातले मूळ आडनाव टिलिक आहे. विसाव्या शतकातल्या पॉल टिलिक या प्रोटेस्टंट धर्मपंडिताचे हेच आडनाव, आणि देवाने आपल्याला स्वीकारले आहे हे स्वीकारण्याचे धैर्य म्हणजे श्रद्धा, असे त्यांचे प्रतिपादन. हे आडनाव योगायोगाने आले असे आम्हांला वाटत नाही. सिस्टिन चॅपेलच्या छतावर मायकेलँजेलोने रंगवलेली देवाची आणि आदामाची बोटेही आठवतात. त्यांच्यातही थोडे अंतर राहिलेले आहे. टेलने साडेआठ वर्षांच्या शिक्षेत आणि नंतरच्या सगळ्या आत्मक्लेशात जे मिळवले नाही, ते त्याला मिळाले तेव्हा त्याने काहीच केलेले नव्हते. फक्त कुणीतरी भेटायला आले होते.

पापनिवेदनाच्या कक्षात काच नसते, जाळी असते. जाळीतून आवाज जातो आणि परत येतो. पापनिवेदन फोनवर का चालत नाही, असे तरुण मंडळी आम्हांला विचारतात. उत्तर या काचेपाशी आहे. दोन माणसांना एकमेकांसमोर यावे लागते. एकाला सांगावे लागते, दुसऱ्याला ऐकून घ्यावे लागते, आणि क्षमेचे शब्द स्वतःच्या मनातून न येता बाहेरून, कानावर यावे लागतात. टेलच्या वहीने त्याला कधी उलट उत्तर दिले नाही.

शिक्षा भोगून परत आलेली माणसे आपल्याही गावांत असतात. त्यांच्या शेजारचा बाक रविवारी रिकामा राहतो. सोयरिकीच्या वेळी जुनी गोष्ट हळूच कुणाच्या तरी कानात सांगितली जाते. शासनाने ज्याचा हिशेब बंद केला, तो आपण किती वर्षे चालू ठेवायचा, हे प्रत्येक घराने जेवणाच्या टेबलावर एकदा बोलून घ्यावे.

येत्या शनिवारी सायंकाळी पाच ते साडेसात चर्चमध्ये पापनिवेदनाची सोय आहे. ओळखीच्या धर्मगुरूपुढे ज्यांना संकोच वाटतो, त्यांच्यासाठी बाहेरच्या धर्मग्रामांतून दोन धर्मगुरू येणार आहेत. ते मागच्या दाराजवळच्या दोन कक्षांत बसतील. वीस-पंचवीस वर्षांत आला नसाल आणि सुरुवात कशी करायची ते विसरला असाल, तर तेवढेच सांगा, पुढचे धर्मगुरू पाहून घेतील. कागदावर लिहून आणले तरी हरकत नाही. वाचून झाल्यावर कागद आपल्यासोबत घेऊन जावा, बाकावर विसरू नये.

— आपले धर्मगुरू